कर्णधार व्हायचंय? मग सोडायची तयारी ठेवा!

नाणेफेक, क्षेत्ररचना, पंचांशी बोलणं, जिंकल्यावर करंडक उंचावणं. कर्णधाराची ही कामं आपल्याला टीव्हीवर दिसतात. त्याची खरी परीक्षा मात्र भलत्याच वेळी होते. हाताचं हाड मोडलंय आणि सामना वाचवायला आठ षटकं काढायची आहेत. विक्रम एका धावेवर आहे आणि डाव घोषित करायची वेळ झालीय. संघाचं भलं व्हायचं तर आपलीच जागा सोडावी लागणार आहे. अशा वेळी जो संघाकडे पाहून निर्णय घेतो, त्याच्यासाठी बाकीचे दहा जण जिवावर उदार होऊन खेळतात. सांघिक खेळांच्या इतिहासात अशा निर्णयांचा खजिना आहे. त्यातली ही काही निवडक रत्नं!

१. प्रतिस्पर्धी कर्णधाराचं रक्त

मार्च १९६२. भारतीय संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. ब्रिजटाउनमध्ये बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. तेव्हा हेल्मेट नव्हतं. कवटीला गंभीर इजा झाली, मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि रक्ताची गरज पडली. रक्त द्यायला जे पुढे आले, त्यांत चक्क वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता! सोबत आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर. कसोटी मालिका ऐन रंगात असताना एका कर्णधाराने दुसऱ्या कर्णधारासाठी बाही वर केली.

कॉन्ट्रॅक्टर वाचले. कसोटी पुन्हा खेळू शकले नाहीत, पण प्रथम श्रेणीच्या मैदानावर परतले. वॉरेलचं ऋण कोलकात्याने वेगळ्याच पद्धतीने जपलंय. बंगाल क्रिकेट संघटना १९८१ पासून ३ फेब्रुवारीला फ्रँक वॉरेल दिन साजरा करते आणि त्या दिवशी रक्तदान शिबिर भरवते.

जाता जाता: कॉन्ट्रॅक्टर स्वतःही कच्च्या मातीचे नव्हते. १९५९ मध्ये लॉर्ड्सवर ब्रायन स्टॅथमच्या चेंडूने बरगड्या मोडल्या, तरी त्यांनी ८१ धावा काढल्या होत्या.

२. एक डोळा, एक पाय आणि १६० धावा

कॉन्ट्रॅक्टर रुग्णालयात असताना संघाची धुरा आली मन्सूर अली खान पतौडी यांच्याकडे. वय २१ वर्षं ७७ दिवस! त्या वेळी कसोटी इतिहासातला सर्वांत तरुण कर्णधार. त्यात आधीच्याच वर्षी इंग्लंडमध्ये मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेलेली. पण या अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत ते भारताकडून पहिली कसोटी खेळले होते.

त्यांच्या जिद्दीचा कळस १९६७ च्या डिसेंबरात मेलबर्नला दिसला. मांडीचा स्नायू दुखावलेला, धड पळता येत नव्हतं. भारत ५ बाद २५. पतौडी उतरले आणि त्यांनी ७५ धावा काढल्या. दुसऱ्या डावात ८५. सामना गेला, पण संघाला आपला कर्णधार काय चीज आहे ते कळलं. दोनच महिन्यांनी याच पतौडींच्या नेतृत्वाखाली भारताने न्यूझीलंडमध्ये ३-१ अशी बाजी मारली. परदेशातला हा आपला पहिला कसोटी मालिका विजय!

३. ३३४ वर थांबलेला माणूस

पेशावर, ऑक्टोबर १९९८. दुसऱ्या दिवसाचा खेळ संपला तेव्हा ऑस्ट्रेलियाचा कर्णधार मार्क टेलर ३३४ धावांवर नाबाद होता. हा आकडा ऑस्ट्रेलियात पवित्र मानला जातो, कारण डॉन ब्रॅडमनची सर्वोच्च कसोटी खेळी ३३४ धावांचीच. तिसऱ्या दिवशी सकाळी एक धाव काढली असती तर ऑस्ट्रेलियाचा विक्रम टेलरच्या नावावर झाला असता. थोडं आणखी खेळला असता, तर ब्रायन लाराचा ३७५ धावांचा विश्वविक्रमही टप्प्यात होता.

टेलरने काय केलं? ४ बाद ५९९ वर डाव घोषित केला! सामना जिंकायचा, तर प्रतिस्पर्ध्याला बाद करायला वेळ हवा, एवढा साधा हिशोब. सामना शेवटी अनिर्णित राहिला, पण मालिका ऑस्ट्रेलियाने जिंकली. पुढे मॅथ्यू हेडनने ३८० धावा काढून ऑस्ट्रेलियाचा विक्रम मागे टाकला. तरीही ३३४ म्हटलं की आज दोन नावं एकत्र घेतली जातात.

४. त्याग दुसऱ्याला करायला लावणं त्याहून अवघड

स्वतःचा विक्रम सोडणं कठीण, पण मित्राचा सोडायला लावणं? मुलतान, मार्च २००४. सौरव गांगुली दुखापतग्रस्त असल्याने राहुल द्रविड हंगामी कर्णधार. वीरेंद्र सेहवागने ३०९ ठोकलेल्या, सचिन तेंडुलकर १९४ वर नाबाद, आणि द्रविडने ५ बाद ६७५ वर डाव घोषित केला. देशभर वाद पेटला. सचिन नाराज झाला आणि त्याने ते आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिलंही. पण भारताने तो सामना एक डाव ५२ धावांनी जिंकला आणि पाकिस्तानात आपल्याला पहिल्यांदाच कसोटी विजय मिळाला. निर्णय बरोबर की चूक, यावर आजही कट्ट्यांवर भांडणं होतात. एक गोष्ट मात्र वादातीत आहे. सगळा देश ज्या द्विशतकाची वाट पाहतोय ते थांबवायला छातीत दम लागतो.

५. कधी मागे, कधी पुढे

विशाखापट्टणम, ५ एप्रिल २००५, समोर पाकिस्तान. कर्णधार गांगुलीने स्वतः मागे सरकून एका नवख्या यष्टिरक्षकाला तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं. त्या पोराने १२३ चेंडूंत १४८ धावा कुटल्या. नाव महेंद्रसिंग धोनी!

सहा वर्षांनी तोच धोनी कर्णधार होता. वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत ३ बाद ११४. पुढचा फलंदाज होता युवराजसिंग, तोही तुफान फॉर्मात. धोनीची स्वतःची बॅट त्या स्पर्धेत फारशी बोलली नव्हती. तरी तो युवराजच्या आधी उतरला आणि ९१ धावांवर नाबाद राहून, षटकार मारून सामना संपवूनच परतला. एकाने जागा सोडली, दुसऱ्याने जोखीम अंगावर घेतली. संघाला त्या घडीला जे हवं, ते दोघांनीही दिलं.

आणि युवराज? त्या विश्वचषकात त्याने ३६२ धावा आणि १५ बळी मिळवून स्पर्धावीराचा मान पटकावला. तेव्हा शरीर कुरबुरत होतं, तरी तो खेळत राहिला. कर्करोगाचं निदान नंतर झालं.

६. सिडनी, जानेवारी आणि तीन कर्णधार

काही मैदानांना कर्णधारांची परीक्षा घ्यायची खोडच असते. सिडनीचं बघा.

जानेवारी १९७५: इंग्लंडचा कर्णधार माइक डेनेसच्या धावा होईनात. त्याने सरळ स्वतःलाच वगळलं. जागी आलेला कर्णधार जॉन एडरिच. डेनिस लिलीच्या पहिल्याच चेंडूने त्याच्या बरगड्या मोडल्या, तरी तो परत येऊन ३३ धावांवर नाबाद राहिला! डेनेसही खचला नाही. पुढे मेलबर्नला त्याने १८८ धावा काढल्या आणि इंग्लंडने सामना डावाने जिंकला.

जानेवारी २००९: दक्षिण आफ्रिकेच्या ग्रॅम स्मिथचा हात मिचेल जॉन्सनने पहिल्या डावात मोडला होता. मालिका आफ्रिकेने आधीच जिंकलेली, म्हणजे मैदानात उतरायची सक्ती अजिबात नव्हती. तरी शेवटच्या दिवशी नववा गडी बाद झाल्यावर ८.२ षटकं काढण्यासाठी स्मिथ अकराव्या क्रमांकावर आला. फक्त १० चेंडू उरले असताना जॉन्सननेच त्याचा त्रिफळा उडवला. ऑस्ट्रेलियाचे प्रेक्षक प्रतिस्पर्ध्यासाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते.

जानेवारी २०२५: डेनेसनंतर बरोबर ५० वर्षांनी आपल्या मुंबईकर रोहित शर्माने तेच केलं. मालिकेतल्या पाच डावांत ३१ धावा झाल्या होत्या. कर्णधार असूनही तो सिडनी कसोटीतून बाहेर बसला आणि धुरा जसप्रीत बुमराहकडे गेली.

७. पुण्याच्या मैदानावरची लढाई

आपल्या मातीतली ही कहाणी तर प्रत्येक मराठी घरात माहीत हवी. बाळू पालवणकर हे दलित कुटुंबातले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबच्या मैदानावर राबता राबता ते गोलंदाजी शिकले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. घरच्या मैदानावर मात्र चहापानाला त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. तेव्हा स्पर्धा धर्मनिहाय संघांत होत. एवढ्या गुणाच्या माणसाला हिंदू संघाचं कर्णधारपद जातीमुळे नाकारलं गेलं.

१९२० च्या चौरंगी स्पर्धेत बाळूंनाच वगळल्यावर त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. स्वतःची कारकीर्द पणाला लावून! अखेर बाळूंना उपकर्णधार म्हणून परत घ्यावं लागलं. कर्णधार एम. डी. पै काही काळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा बाळूंनी संघ सांभाळला. आणि १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी स्पर्धा त्यांच्याच संघाने जिंकली.

८. आयसीएस नको, हॉकी हवी!

१९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे कर्णधार होते जयपालसिंग मुंडा. आजच्या झारखंडमधल्या आदिवासी गावातून ऑक्सफर्डपर्यंत पोहोचलेला हा तरुण आयसीएससाठी निवडला गेला होता. त्या काळी याहून मोठी नोकरी नव्हती. ऑलिंपिकसाठी रजा मागितली, ती नाकारली गेली. जयपालसिंग तरीही गेले! परतल्यावर आणखी एक वर्ष प्रशिक्षण करा, असं सांगण्यात आलं. त्यांनी आयसीएसच सोडून दिली.

मतभेदांमुळे अंतिम सामन्याआधीच ते संघापासून दूर झाले होते. पण त्या संघाने सुवर्ण जिंकलं, स्पर्धेत २९ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. त्यातले १४ गोल ध्यानचंद यांचे. पुढे हेच जयपालसिंग संविधान सभेत आदिवासींच्या हक्कांसाठी ठामपणे बोलले.

९. बोट मोडल्याची बातमी बाहेर फुटू द्यायची नाही

मेलबर्न ऑलिंपिक, १९५६. भारताचे कर्णधार बलबीरसिंग सीनियर यांनी अफगाणिस्तानविरुद्ध पहिल्याच सामन्यात ५ गोल डागले आणि उजव्या हाताचं बोट मोडून घेतलं. संघाने ठरवलं, ही गोष्ट बाहेर जाता कामा नये. कारण बलबीर मैदानात असले की प्रतिस्पर्ध्याचे दोन-दोन खेळाडू त्यांच्यामागे अडकून पडत. उरलेल्या साखळी सामन्यांत विश्रांती घेऊन, वेदनाशामक इंजेक्शन टोचून ते उपांत्य आणि अंतिम सामना खेळले. पाकिस्तानविरुद्ध गोल रणधीरसिंग जेंटल यांनी केला, भारत १-० ने जिंकला. त्या दिवशी गोलफलकावर कर्णधाराचं नाव नव्हतं. सापळा बनून राहणं हेच त्याचं योगदान होतं.

१०. चेंडू काखेत धरून दोन लाखांना गप्प करणारा

१६ जुलै १९५०, रिओचं माराकाना मैदान. विश्वचषकाच्या शेवटच्या सामन्यात ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती. जवळपास दोन लाख प्रेक्षक, आणि उत्तरार्ध सुरू होताच फ्रियासाने ब्राझीलचा गोल केला. मैदान दणाणून गेलं. उरुग्वेचा कर्णधार ऑब्दुलिओ वारेला शांतपणे गेला, जाळीतला चेंडू उचलला, काखेत धरला आणि ऑफसाइड होता म्हणून पंचांशी वाद घालू लागला. पंच इंग्रज. वारेलाने दुभाष्याची मागणी केली! गोल रद्द होणार नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याला फक्त वेळ काढायचा होता. गलका ओसरला, साथीदारांचा श्वास ताळ्यावर आला. मग शियाफिनो आणि घिजियाने गोल केले. उरुग्वे २-१ ने विश्वविजेता!

दोन लाखांचा राग एकट्याने अंगावर घेऊन दहा जणांना मोकळं करायचं, ही त्याची चाल होती.

११. फक्त ४ गुण, पण केवढे मोलाचे!

८ मे १९७०, बास्केटबॉलमधल्या एनबीएची अंतिम लढत, सातवा आणि निर्णायक सामना. न्यूयॉर्क निक्सचा कर्णधार विलिस रीड मांडीचा स्नायू फाटल्याने आधीचा सामना खेळलाच नव्हता. सामन्याच्या तोंडावर तो लंगडत कोर्टवर आला आणि प्रेक्षकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. त्याने पहिले दोन बास्केट टाकले, ४ गुण मिळवले. पुढे एकही नाही! उरलेलं काम वॉल्ट फ्रेझरने केलं: ३६ गुण आणि १९ असिस्ट. निक्स ११३-९९ ने विजेते. आकडे सगळे फ्रेझरचे, तरी हा सामना आजही रीडच्या नावाने ओळखला जातो.

१२. कर्णधार नव्हते, तरी पुढे होते

• अनिल कुंबळे, अँटिग्वा २००२: जबडा मोडलेला, डोक्याभोवती पट्टी गुंडाळून १४ षटकं टाकली आणि लाराला पायचीत केलं. याच सामन्यात भारताच्या अकराही खेळाडूंनी गोलंदाजी केली, यष्टिरक्षक अजय रात्रासुद्धा!

• माल्कम मार्शल, लीड्स १९८४: डाव्या हाताचा अंगठा मोडलेला. लॅरी गोम्सचं शतक व्हावं म्हणून एका हाताने फलंदाजी केली, मग गोलंदाजीला येऊन ५३ धावांत ७ बळी घेतले.

• कॉलिन काउड्री, लॉर्ड्स १९६३: हात मोडलेला, दोन चेंडू बाकी, तरी शेवटचा गडी म्हणून खेळपट्टीवर आला. चेंडू खेळावा लागला नाही, सामना अनिर्णित राखता आला.

• फ्रान्झ बेकेनबाउअर, मेक्सिको १९७०: खांदा निखळलेला, बदली खेळाडू संपलेले. हात छातीशी बांधून इटलीविरुद्धची उपांत्य लढत पूर्ण केली. चार वर्षांनी कर्णधार म्हणून विश्वचषक उंचावला.

१३. मैदानाबाहेरची हिंमत

ऑक्टोबर २००५: आयव्हरी कोस्ट पहिल्यांदाच फुटबॉल विश्वचषकासाठी पात्र ठरला. देश मात्र यादवीने दुभंगलेला. संघातल्या दिदिए द्रोग्बाने ड्रेसिंग रूममध्ये कॅमेऱ्यासमोर साथीदारांसह गुडघे टेकले आणि देशवासीयांना शस्त्रं खाली ठेवण्याची विनंती केली. २००७ मध्ये राष्ट्रीय संघाचा सामना बंडखोरांचा बालेकिल्ला असलेल्या बुआके शहरात झाला. आयव्हरी कोस्टने मादागास्करला ५-० ने हरवलं, आणि एकाच मैदानावर दोन्ही बाजूंची माणसं टाळ्या वाजवत होती.

ऑगस्ट २०२१: काबूल तालिबानच्या हाती गेलं. अफगाणिस्तानच्या महिला फुटबॉल संघाची माजी कर्णधार खालिदा पोपल तेव्हा डेन्मार्कमध्ये होती. वर्षानुवर्षं तिने मुलींना सांगितलं होतं, पुढे या, चेहरा दाखवा. आता तिलाच सांगावं लागलं, फोटो पुसा, गणवेश जाळा. त्या मुलींना देशाबाहेर काढण्यासाठी ती फोनवरून दिवसरात्र झटली. कर्णधारपद सोडून कितीतरी वर्षं झाली होती, जबाबदारी मात्र तिने सोडली नव्हती.

१४. नियमातच लिहिलेला त्याग

बेसबॉलमध्ये फलंदाज मुद्दाम हलका फटका मारून स्वतः बाद होतो, म्हणजे आधीच तळावर असलेला साथीदार पुढे सरकतो. याला म्हणतात सॅक्रिफाइस बंट. गंमत अशी, की गुणपत्रिकेत त्याची वेगळी नोंद होते आणि फलंदाजाची सरासरी त्यामुळे घसरत नाही!

आणि आपला खो-खो? पाठलाग करणाऱ्याला उलट फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. गडी हाताच्या अंतरावर असला, तरी तो दुसऱ्या बाजूला वळला की खो देऊन आपण बसायचं आणि टिपायची संधी साथीदाराला द्यायची. हट्टाने एकट्याने धावणारा इथे संघ बुडवतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवून जिंकला. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर. दोघेही महाराष्ट्राचे!

१५. थांबायलाही धैर्य लागतं

आता एक महत्त्वाची गोष्ट. १९५६ च्या एफए कप अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमन मान मोडलेल्या अवस्थेत शेवटची १७ मिनिटं खेळला. संघ ३-१ ने जिंकला, मणका मोडल्याचं काही दिवसांनी क्ष-किरण तपासणीत कळलं. तेव्हा बदली खेळाडू घ्यायची परवानगीच नव्हती. नशीब बलवत्तर म्हणून तो वाचला.

आज असं कुणी करू नये, करू देऊ नये. १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येतो. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी आलेला मार्नस लाबुशेन असा पहिला खेळाडू ठरला. दुसऱ्याच चेंडूला जोफ्रा आर्चरने त्याच्याही हेल्मेटवर दणका दिला, तरी त्याने ५९ धावा काढल्या! मोडलेलं बोट आणि हादरलेला मेंदू यांतला फरक ओळखणं, आणि 'तू बाहेर ये, आम्ही बघतो' असं साथीदाराला ठणकावून सांगणं, हे आजच्या कर्णधाराचं काम आहे.

मग कर्णधार कुणाला करायचं?

वरच्या यादीत हरलेलेही आहेत. पतौडी मेलबर्नला हरले, स्मिथ सिडनीला हरला, टेलरला पेशावरला विजय मिळाला नाही. तरी त्यांची नावं टिकली, कारण त्यांनी संघाकडून जे मागितलं ते आधी स्वतः दिलं. वॉरेलने रक्त दिलं, टेलरने विक्रम सोडला, जयपालसिंगांनी नोकरी सोडली, डेनेस आणि रोहितने स्वतःची जागा सोडली.

तेव्हा शाळेचा, सोसायटीचा किंवा गावच्या मंडळाचा संघ निवडताना सर्वाधिक धावा आणि गोल कुणाचे, एवढंच पाहू नका. स्वतः बाद झाल्यावरही साथीदारासाठी ओरडून घसा कोण बसवतो, नवख्याला आपल्या आधी खेळायला कोण पाठवतो आणि हरल्यावर 'चूक माझी' असं कोण म्हणतो, ते पाहा. असा मुलगा, अशी मुलगी दिसली की बेधडक कर्णधारपद द्या. बाकीचा संघ आपोआप त्याच्या किंवा तिच्यामागे उभा राहील.